मास्तर बरे झाले, त्यानंतर

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. "बाई, यंदाचा विषय 'आत्मिक कृपादाने'. तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा," ते म्हणाले. मी म्हटलं, "चुकीच्या बाईला फोन लावलात. माझ्याकडे एकही दान नाही." ते हसले. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतेय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता, हे आमच्या चर्चच्या मंडळीतलं कोणीही सांगेल. मी नुसती खरी माहिती दिली होती.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी माझं काम सांगते. मी बायबल वुमन होते. मराठी चर्चमध्ये पाळकसाहेब असतात. ते उपासना चालवतात, लग्नं लावतात, माणसं पुरतात. त्यांना घरोघर जायला वेळ नसतो, म्हणून एक बाई नेमतात. तिने आजाऱ्यांना भेटायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची आणि कोणाच्या घरात काय चाललंय ते साहेबांच्या कानावर घालायचं. घाटकोपरपासून मानखुर्दपर्यंतचा पट्टा माझा. पूर्वी या कामाला पांढरी साडी लागे. माझ्या वेळेपर्यंत ती गेली आणि पायात स्पोर्ट्स शूज आले.

या कामाचं शिक्षण मिळतं, पण उपयोगाचं कोणी शिकवत नाही. ते फिरून कळतं. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं नाही, पायाशी बसायचं. म्हणजे त्याला मान न वळवता तुमचं तोंड दिसतं. गॅसवर दूध असेल तर प्रार्थना आखूड करायची. घरात नव्याने आलेल्या सुनेला डोळे मिटायला सांगायचं नाही, तिला स्वयंपाक करत ऐकू द्यायचं. आणि निघताना "परत येईन हं" असं म्हणायचं नाही. वार सांगायचा. आजारी माणूस "परत येईन"वर रोज दाराकडे बघत बसतो.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. विक्रोळीच्या एका गृहस्थांना बिल्डरने नव्या घराची चावी द्यावी म्हणून प्रार्थना हवी होती. केली. मग त्यांनी कराराची झेरॉक्स पुढे धरली, "यावर पण हात ठेवा ना जरा." पंतनगरच्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या सुनेसाठी प्रार्थना करा." मी विचारलं, "काय होतंय तिला?" म्हणाल्या, "होत काही नाही हो. तिला नोकरी लागू दे. दिवसभराची." ती सून आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. जिन्यात मला गाठून म्हणाली, "बाई, त्या नोकरीसाठी जरा मनापासून करा हां." प्रभूने दोघींचंही ऐकलं. दोन महिन्यांत ती कॉल सेंटरला लागली.

आता दानांबद्दल. आमच्यात असं मानतात की पवित्र आत्मा कोणाला संदेश देण्याचं दान देतो, कोणाला कधी न शिकलेल्या अन्य भाषांत बोलण्याचं, कोणाला आजार बरे करण्याचं. हे मी थट्टेने लिहीत नाहीये. मी स्वतः पाहिलंय. ज्या बाईला चार माणसांत नीट बोलता येत नसे ती प्रार्थनेत उभी राहून असं बोले की चर्चच्या पंचांच्या माना खाली जात. मला मात्र काही मिळालं नाही. मी गायला लागले की पेटीवाले पट्टी शोधत बसत. माझी प्रार्थना साधी, हिशेबी, किराणा मागितल्यासारखी. ज्यांना दानं होती त्यांचा मला हेवा वाटे. आणि प्रीती? तीही मला जन्मजात नव्हती. खरं सांगायचं तर माणसांचा मला लवकर कंटाळा येतो. दोन घरं झाली की तिसऱ्या घराची बेल वाजवण्याआधी मी जिन्यात उभी राहून भांडत असे, स्वतःशी आणि वरच्याशीही.

एकदा मला डेंग्यू झाला. मी एकटी राहते. लग्न केलं नाही. भाऊ होता, तोही गेला. बातमी मंडळीच्या ग्रुपवर गेली आणि फोन वाजू लागला. कोणी व्हॉइस मेसेजवर प्रार्थना पाठवली, कोणी अन्य भाषेत. मुलुंडच्या एका बहिणीला तर प्रार्थनेत मी उजेडात चालताना दिसले. मी मात्र भिंत धरून संडासापर्यंत चालत होते. तांदूळ धुवून पेज शिजत ठेवली आणि ती उतू जाईपर्यंत ओट्याला टेकून सगळे मेसेज ऐकले. सगळे खरे होते, कोणी खोटं बोलत नव्हतं. तरी त्या दिवसांइतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नाही. लग्नात हमखास वाचतात त्या बायबलमधल्या प्रीतीच्या अध्यायात सगळी दानं एका बाजूला ठेवून प्रीती दुसऱ्या बाजूला का ठेवलीय, हे मला तोवर नुसतं पाठ होतं. पण मला सांगायचंय ते माझं नाही, मास्तरांचं.

शांतवन भालेराव मूळचे नगरकडचे. मानखुर्दला राहत आणि शाळेचे युनिफॉर्म शिवत. शिंप्याला आपल्याकडे मास्तरच म्हणतात, तर आम्हीही त्यांना मास्तर म्हणायचो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या पोटात दुखायचं. सरकारी दवाखान्यात तपासण्या चालल्या होत्या, गाठ आहे म्हणाले होते. त्या काळात दर सोमवारी मी त्यांच्याकडे जात असे.

याच सुमारास ब्रदर अमोल आमच्या भागात आला. गोवंडीतला पोरगा, आजीने वाढवलेला, तेव्हा पंचविशीचा असेल. त्याला आरोग्याचं दान होतं, आजार बरे करण्याचं. शाळेच्या हॉलमध्ये तो सभा घ्यायचा. एका सभेत त्याने मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मास्तरांचं दुखणं थांबलं. मी तिथे होते. जो माणूस वाकून आत आला होता तो ताठ उभा राहिला, रडला आणि घरी जाऊन पोटभर जेवला.

पुढच्या रविवारी मास्तरांनी चर्चमध्ये साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. एकदा दिलेली साक्ष आमच्यात फार मोठी गोष्ट असते. आणि एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं वाचतात आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. जो बरा झाल्याची साक्ष देतो त्याचं नाव त्या दिवसापासून वाचत नाहीत. माझी फेरीही त्या नावांवरूनच ठरायची. मास्तरांचं नाव गेलं आणि माझा सोमवार दुसऱ्या घराला मिळाला.

नंतर काही महिने मास्तरांचं झकास चाललं होतं. ब्रदर त्यांना सभांना घेऊन जाई. मुलुंड, भांडुप, पार बोरिवलीपर्यंत. मास्तरांनी स्वतःसाठी राखाडी सूट शिवला आणि ब्रदरला जाकीट. मूल नसलेला म्हातारा आणि बाप नसलेला पोरगा. रिक्षातून दोघं उतरायचे तेव्हा मास्तर त्याची कॉलर नीट करायचे. हे मी लांबून बघायची. ब्रदरने कोणालाही औषध बंद करा असं सांगितलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. दवाखान्यात जायचं मास्तरांनीच सोडलं. बरा झालेला माणूस रांगेत दिसला तर लोक काय म्हणतील?

मग मास्तर दिसेनासे झाले. शाळा सुरू व्हायची होती, ऑर्डर खूप आहे, असा निरोप त्यांनी पाठवला. शाळा सुरू झाली. तरी ऑर्डर संपेना.

एकदा मी मास्तरांच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या एका घरी गेले होते. उतरताना लिफ्टपाशी मंदाताई भेटल्या. मंदाताई मास्तरांच्या शेजारीण. बौद्ध कुटुंब, नवरा वॉचमन. मला त्या "चर्चवाल्या बाई" म्हणायच्या.

"बाई, तुमची माणसं मास्तरांकडे येत नाहीत का हो आता?"

"मास्तर बरे झालेत ना. कामात आहेत म्हणे."

"काय काम?" त्या म्हणाल्या. "दिवसभर मशीन चालते, आणि एक कपडा घराबाहेर पडत नाही. मी डबा ठेवते दाराशी, तो अर्धा परत येतो. वर या जरा."

मी वर गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. बेल वाजवली तशी मशीन थांबली आणि बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, "मास्तर, मी आहे. एकटीच." कडी निघाली.

मला आधी ओळख पटली नाही. अंगावर तोच राखाडी सूट होता, शर्टाशिवाय, थंडी वाजते म्हणून घातलेला, आणि त्यात ते कुठेतरी एका बाजूला होते. मशीनवर कापड नव्हतं. सुईत दोरासुद्धा नव्हता.

"दार लावा," ते म्हणाले. "लवकर लावा."

खालच्या मजल्यावर आमच्याच मंडळीतलं एक कुटुंब राहायचं. त्यांना आवाज जावा म्हणून मास्तर रिकामी मशीन चालवत होते. जोवर पायात जोर होता तोवर तासन् तास, मग जमेल तितकं. दुखणं परत आलं होतं, पहिल्यापेक्षा जास्त. खोकला आला की उशीत तोंड घालून खोकायचे.

"कोणाला सांगितलं का नाही?" मी चिडूनच विचारलं. मला रडू आलं की मी चिडते.

"साक्ष दिलीय ना बाई." ते कॉटवर बसले. "आता काय सांगू? देवाने दिलेलं परत घेतलं म्हणू?"

"देवाचं देव बघेल. तुम्ही का लपता?"

"देवासाठी नाही लपत. त्या पोरासाठी. त्याला कळलं की मी परत पडलो तर तो मोडेल. अजून कच्चा आहे तो. लोक त्याला सोडतील का? तुम्ही मला पाहिलं नाही असं समजा. शपथ घ्या."

आमच्यात शपथ घेत नाहीत. मी नुसतं बरं म्हटलं.

त्या दिवशी जिना उतरताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. ज्याला देवाने बरं केलं, त्याला आम्ही बरं असण्याची शिक्षा दिली. तो आजारी होता तेव्हा त्याचं नाव तरी घेत होतो. बरा झाला आणि आमच्या हातून सुटला. दान होतं, दान खरंही होतं. पण त्या दानामागून चालत जाणारं कोणी नव्हतं.

मी रोज जायला लागले. मास्तरांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी फिल्म बघितली, मला बाजूला घेतलं आणि दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. आणखी काही लिहिलं नाही. मास्तरांनी विचारलंही नाही. येताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "बाई, दिवसात सगळ्यात वाईट वेळ कुठली सांगू? चार वाजता. पोरं शाळेतून येतात, मीच शिवलेले युनिफॉर्म जिन्यातून वर जातात, आणि मी दाराला कान लावून उभा. कोणीतरी माझ्या नावाने हाक मारेल असं वाटतं. कोण मारणार? मीच लपलोय."

मी त्यांचा हात धरला. हे लिहायला सोपं आहे. रिक्षावाला आरशातून बघत होता.

पण नुसतं जाऊन बसून भागेना. मास्तर आता उठू शकत नव्हते. त्यांना आंघोळ घालायला हवी होती, कूस बदलायला हवी होती. पाठीला जखम धरत होती. मी एकटी बाई, माझे गुडघे गेलेले, आणि त्यांना माझी लाज वाटायची. पाणी घेऊन गेले की चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. पुरुषाला आंघोळ घालायला पुरुष लागतो. मंदाताईंचे यजमान सुट्टीच्या दिवशी मदत करत, पण त्यांची ड्यूटी बारा तासांची. मंडळीतल्या पुरुषांची नावं घेतली की मास्तर डोळे मिटून मान हलवत.

शेवटी मी शब्द मोडला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ब्रदर अमोल गोवंडीच्या शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता. मुलुंडला मोठी सभा ठरली होती, त्याची तयारी चालली होती. मला बघून खूश झाला.

"सिस्टर, प्रेज द लॉर्ड! मास्तरांना सांगा ना, मुलुंडला यायचंच. फोन उचलत नाहीत यार ते."

मी सांगितलं. सगळं, एका दमात. तो हातात खुर्ची धरून उभा राहिला.

"पण ते बरे झाले होते," तो म्हणाला. "सिस्टर, तुम्ही पण बघितलं ना? मी काय खोटं केलं?"

"नाही. दुखायचं थांबलं होतं ते खरं. परत दुखतंय, ते पण खरं."

"मग माझं चुकलं का कुठे? माझ्यात पाप आहे का?"

"ते तू आणि देव बघा रे. मास्तरांना आंघोळ घालायचीय. मी तेवढ्यासाठी आलेय."

त्याने खुर्ची ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग मागच्या दाराने निघून गेला. मी त्या हॉलमध्ये मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभी होते. वाटलं, गेला. पोरगा गेला आणि मास्तरांना दिलेला शब्दही गेला. दोन्ही हातांनी घालवलं. तिथून मानखुर्दपर्यंत मी चालत गेले, कारण कोणाशेजारी बसायची इच्छा नव्हती.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. ब्रदर उभा होता, धुतलेला पांढरा शर्ट, हातात तेलाची छोटी बाटली. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात ते तेल. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीकडे तोंड केलं.

"तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

ब्रदरने कॉटपाशी गुडघे टेकले, बाटली उघडली आणि हात मास्तरांच्या डोक्याकडे नेला. त्याने प्रार्थना सुरू केली, मोठ्याने, सभेत करायचा तशी. दोन-तीन वाक्यं झाली असतील.

"अमोल," मास्तर म्हणाले. "हळू. देव बहिरा नाही, आणि शेजारी पोरं अभ्यासाला बसलीत."

त्याने डोळे उघडले.

"हात खाली घे. डोक्याला काही झालेलं नाहीये माझ्या. पाठ बघ."

ब्रदरने त्यांना कुशीवर वळवलं. पाठ पाहिली आणि तोंडावर हात धरून मोरीत पळाला. तो ओकत होता तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. मास्तर भिंतीकडे बघत मला म्हणाले, "म्हणून नको म्हणत होतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखण्याने नव्हे, लाजेने. एवढं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी त्याच्या पायाशी बसले होते.

मोरीचा नळ सुटला. ब्रदर बाहेर आला तेव्हा बाह्या वर होत्या आणि हातात कोमट पाण्याची बादली होती. मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बाहेर बसले. मंदाताईंनी त्यांच्या दारात मला स्टूल दिलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि मास्तर सूचना देत होते, "असं नाही रे, खालून हात घाल. शिलाई नाहीये ती, ओढू नको."

मग तो रोज आला. त्याला जमत नव्हतं, तो शिकला. नखं कापायला शिकला, पेज भरवायला शिकला, चादर माणूस न उठवता बदलायला शिकला. मुलुंडची सभा त्याने घेतली, पण मास्तरांशिवाय. परत आला तो फार बोलला नाही. लोक मास्तरांबद्दल विचारत होते आणि तो विषय बदलत होता, एवढं मला कळलं.

एका शनिवारी मास्तर त्याला म्हणाले, "उद्या माझं नाव वाचतील का रे चर्चमध्ये?"

ब्रदर त्यांची दाढी करायला रेझर घेऊन बसला होता. तो त्याने खाली ठेवला.

"लपून लपून कंटाळलो," मास्तर म्हणाले. "खूप दिवस झाले, माझं नाव घेऊन कोणी काही मागितलं नाही. पण तुझं नुकसान होणार असेल तर राहू दे. मी समजून घेईन."

त्याचं नुकसान होणारच होतं. हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाचं नाव?" ब्रदर उभा राहिला. अंगात मास्तरांनी शिवलेलं जाकीट होतं.

"शांतवन भालेराव. मानखुर्द."

मागून कोणीतरी म्हणालं, "ते तर बरे झालेत ना?"

"झाले होते," ब्रदर म्हणाला. "आता खूप आजारी आहेत. आणि एकटे आहेत." तो खाली बसला. पाळकसाहेबांनी मास्तरांचं नाव स्वच्छ, मोठ्याने घेतलं. मी मंडळीत कधी रडत नाही. त्या दिवशी पदर तोंडात धरला.

त्यानंतर सगळे धावत आले असं लिहायला मला आवडलं असतं. काही आले. काहींनी फळं पाठवली. एक पंच येऊन, मास्तरांचा विश्वास कुठे कमी पडला याची चौकशी करून गेले. त्यांना मी जिन्यापर्यंत पोचवलं आणि जिन्यात काय बोलले ते इथे छापता येणार नाही. मुलुंडवाल्यांनी पुढची सभा दुसऱ्या कोणाला दिली. ब्रदरचं दान गेलं, असं लोक म्हणू लागले. पण मास्तरांचं दार आता दिवसभर उघडं असायचं. चार वाजता जिन्यातून पोरं वर जाताना "मास्तर!" म्हणून ओरडायची, आणि मास्तर हात वर करायचे. तेवढ्याने त्यांचा दिवस जायचा.

शेवटच्या आठवड्यात ते फारसे बोलत नव्हते. एका संध्याकाळी ब्रदर त्यांचे पाय चेपत होता. मास्तरांनी विचारलं, "पुन्हा सभा घेशील ना?"

"नाही जमणार आता."

"लोकांसाठी प्रार्थना करशील ना?"

ब्रदर पायांकडे बघत राहिला. "आणि मास्तर, बरा नाही झाला तर माणूस? मग काय करू?"

मास्तरांना यात काही अवघड वाटलं नाही. म्हणाले, "मग दुसऱ्या दिवशी परत जायचं."

ते गुरुवारी गेले. शुक्रवारी आम्ही त्यांना पुरलं, राखाडी सूट घालून. ब्रदरने तो आदल्या रात्री बाजूने आत घेतला होता, अंगाला बसावा म्हणून. टाके वाकडे होते. मास्तरांनी बघितले असते तर उसवायला लावले असते.

शनिवारी सकाळी मी उठले, आवरलं आणि मानखुर्दला पोचले तेव्हा लक्षात आलं, की मला जायला जागा नाहीये. तरी वर गेले. दाराला कुलूप होतं. समोर जिन्याच्या पायरीवर ब्रदर बसला होता, मांडीवर धुतलेला टॉवेल.

"सवयीने आलो, सिस्टर," तो म्हणाला.

"मी पण."

त्याच्याशेजारी बसले. माझी निवृत्ती पुढच्या वर्षी होती, त्याच्याकडे सभा नव्हत्या. बंद दारासमोर आम्ही दोघं, कोणाचे कोणी नसल्यासारखे.

मंदाताई कचरा टाकायला बाहेर आल्या. आम्हाला बघून थांबल्या.

"जिन्यात काय बसलात? आत या. चहा टाकते. नाहीतरी सासूबाईंना बोलायला माणूस लागतं."

"सासूबाई?" मी विचारलं.

"आहेत ना आत. हाड मोडलं तेव्हापासून झोपूनच आहेत. तीन वर्षं होतील. तुमच्यातल्या नाहीत त्या," मंदाताई जरा संकोचून म्हणाल्या, "पण आता त्यांना कुठे एवढं कळतं."

एवढे दिवस मी त्या दारात स्टुलावर बसत होते. त्यांच्या घरचा डबा मास्तरांना जात होता. मास्तरांच्या भिंतीपलीकडे एक बाई तीन वर्षं पडून होती, आणि आतून कधी आवाज आला तर मला तो टीव्हीचा वाटला होता.

ब्रदर उठला. चपला काढल्या, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेला. त्याचा आवाज आला, हळू, सभेतला नव्हे. "आजी, पाय चेपून देऊ का?"

मी अजून पायरीपाशीच उभी होते. मंदाताई दारात वळल्या.

"आणि तुम्हाला काय वेगळं आमंत्रण देऊ?" त्या म्हणाल्या.